भिंतीची ओल मोजायचं यंत्र: दोन पावसाळे वापरल्यावर

तळहातात मावेल एवढं पिवळं-काळं यंत्र, डोक्याला दोन सुया, मधोमध आकड्यांची छोटी खिडकी आणि खाली तीन बटणं. ऑनलाइन 'मॉइश्चर मीटर' शोधलंत तर हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी ८०० रुपयांपासून २,००० पर्यंत दिसेल. माझं १,१५० चं आहे. डब्यावर कंपनीचं नाव छापलंय, पण त्याला फारसा अर्थ नाही. मैत्रिणीने दुसऱ्या नावाचं मागवलं, तेही आतून-बाहेरून असंच निघालं. त्यामुळे इथे जे लिहितेय ते एका कंपनीबद्दल नाही, सुयावाल्या मीटरबद्दल आहे.

याने ओल जात नाही, हे आधीच सांगून टाकते. "मग घ्यायचं कशाला?" हा आमच्या घरातला पहिला प्रश्न. विचारणाऱ्या गृहस्थांनी त्याच आठवड्यात ओलीवर मारायच्या रंगाचा चार लिटरचा डबा आणला होता. डब्याला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

मी शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. मोजलेलं वहीत लिहायचं, तारीख टाकायची, रकाने आखायचे, हे माझ्या हातात बसलंय. ज्यांना याचा कंटाळा आहे त्यांच्या हाती हे यंत्र आठ दिवसांत ड्रॉवरमध्ये जाईल.

आता ते करतं काय ते. दोन सुयांमधून अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडतं. कोरडं प्लास्टर त्याला सहज जाऊ देत नाही, ओलं प्लास्टर देतं. यंत्र मोजतं तो अडथळा, आणि दाखवतं टक्के. हे टक्के मुळात लाकडासाठी बसवलेले आहेत. बांधकामासाठी वेगळं बटण असतं (माझ्या यंत्रात लाकडाला ५ ते ५०, बांधकामाला १.५ ते ३३), पण वीट, सिमेंट, पीओपी, चिरा (जांभा दगड) यांचे स्वभाव एकमेकांपासून इतके वेगळे की एकाच बटणाने सगळ्यांचं पाणी मोजलं जाईल ही आशा सोडून द्या. खिडकीत २२ दिसलं म्हणजे भिंतीत २२ टक्के पाणी आहे असं नाही. शेजारच्या जागी ४ आहे आणि इथे २२ आहे, एवढंच खरं. मग हिरवा-पिवळा-लाल दिवा कशाला दिलाय हे त्या बनवणाऱ्यालाच ठाऊक. मी दिव्यावर काळी टेप चिकटवलीय.

म्हणून पहिलं काम, घरातली एक बिनशंकेची भिंत ठरवायची. आमच्याकडे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली. तिला बाहेरचा पाऊस नाही, पाइप नाही, मोरी नाही, आणि प्लास्टर-रंग बाकी घरासारखाच. तिथे मे महिन्यात २ च्या आसपास आकडा आला. तीच भिंत जुलैत ३.५ दाखवते, कारण बाहेरची हवाच ओली असते आणि कोरडं प्लास्टरही ती थोडी पितं. त्यामुळे मोजायला बसलं की आधी ही भिंत, मग आजारी भिंत. हे केलं नाही तर पावसाळ्यात सगळं घरच गळतंय असं वाटायला लागतं.

दुसरं, सुया दाबाव्या लागतात. प्लास्टिक पेंटची साल रबरासारखी असते. सुया नुसत्या टेकवल्या तर ती सालच मोजली जाते. साल फोडून पुट्टीच्या आत गेल्या तर आकडा खरा. प्रत्येक वेळी दोन बारीक भोकं पडतात. कपाटामागे पडली तर कोण बघतंय, पण हॉलच्या भिंतीवर जीव खालीवर होतो. मी वीत-वीत अंतरावर मास्किंग टेपचे तुकडे लावले, टेपमधूनच सुया दाबल्या आणि आकडा त्याच तुकड्यावर पेनने लिहिला. वहीत लिहिलेल्या आकड्यांपेक्षा भिंतीवर लिहिलेले आकडे जास्त बोलतात. दोन पावलं मागे सरकून उभं राहिलं की ओलीचा आकार दिसतो.

आमच्या बेडरूममध्ये हा आकार दिसला तेव्हा यंत्राचे पैसे वसूल झाले.

इमारत डोंबिवलीतली, १९९४ ची, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, वर अजून एक मजला आणि त्यावर गच्ची. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून. तिथे रंगाला फुगे आले, मग पापुद्रे सुटले, मग दिवाळीत रंग दिला, मग होळीपर्यंत परत फुगे. ओल म्हटली की प्रत्येकाला कळतं. पेंटर म्हणाला, "ताई, वरच्यांकडून येतंय." वरच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे गेल्या वर्षीच सगळं नवीन केलंय हो." एका वॉटरप्रूफिंग कंपनीचा मुलगा टॅब घेऊन आला, बाथरूमच्या टाइल्स आणि बेडरूमचे पापुद्रे यांचे फोटो काढले, आणि संध्याकाळी कोटेशन पाठवलं. सगळ्या टाइल्स काढायच्या, खालचा कोबा (सिमेंटचा थर) तोडायचा, नवीन कोबा, वर कोटिंग, मिळून ४८,०००. नव्या टाइल्स आपण आणायच्या. दहा वर्षांची गॅरंटी. बारीक अक्षरं वाचली तर गॅरंटी कोटिंग न सुटण्याची होती, ओल न येण्याची नव्हती. कंपनीचं नाव सांगत नाही. असं कोटेशन तुम्हाला कुणीही देईल.

टेपवरचे आकडे असे होते: छतापाशी ३, डोक्याच्या उंचीला ३, ४, ३. कंबरेच्या थोडं वर एका जागी एकदम २६. त्याच्या खाली रुंद होत गेलेला पट्टा, २४, २२, २५, आणि स्कर्टिंगपाशी सगळीकडे २० च्या आसपास. वरून पाणी आलं असतं तर छताजवळ काहीतरी दिसलं असतं. नहाणी ट्रॅप (फरशीतून सांडपाणी जायचं तोंड) किंवा फरशीचे सांधे गळत असते तर ओल खालून थोडी वर चढली असती, कंबरेपर्यंत टोक काढून आली नसती. आणि पलीकडे बाथरूममध्ये बरोबर त्या टोकापाशी काय आहे? मिक्सरचा नळ.

तरीही टाइल्सचे सांधे की पाइप हा प्रश्न उरलाच होता. अंघोळीचं पाणी भिंतीवर उडतं, सांध्यांतून आत जातं, हेही होऊ शकतं. म्हणून आधी त्या बाथरूममधली अंघोळ बंद केली आणि सगळ्यांना दुसऱ्या बाथरूममध्ये पाठवलं (यावरून घरात जे झालं ते वेगळं). त्या बाथरूमच्या पाण्याचा वॉल्व्ह मात्र उघडा ठेवला. आकडा ढिम्म हलला नाही. मग उलट केलं. वॉल्व्हच बंद केला. पहिले दोन-तीन दिवस काही नाही, आणि मग टोकापासून उतरायला लागलं. २६ चे २३, मग १९. खालचा पट्टा बराच मागे राहिला, कारण वरचं पाणी खाली येतच होतं. वापर थांबवल्यावर ओल तशीच आणि पुरवठा थांबवल्यावर उतरते, म्हणजे गळतोय तो भरलेला पाइप, सांडपाण्याची वाट नव्हे. याला इंजिनिअर लागत नाही.

प्लंबरला भिंतीवरची टेप दाखवली, पलीकडे मोजून खूण केली. त्याने दोनच टाइल्स फोडल्या. आत जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, चुड्या (आटे) गंजून खाल्लेल्या. धार वगैरे नव्हती; नुसता घाम फुटल्यासारखा ओला, पण रात्रंदिवस. तेवढा तुकडा काढून सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) घातला. मजुरी, सामान, टाइल्स धरून ३,४०० रुपये. टाइल्सचा रंग जुळला नाही, त्या काळातला फिका हिरवा आता कुठून आणणार. तिथे दोन पांढऱ्या बसल्यात आणि पाहुण्यांना मी त्यांची गोष्ट सांगते.

कंपनीवाला खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. तीस वर्षांच्या बाथरूमचा कोबा आज ना उद्या काढावा लागणारच. पण त्याने ४८,००० घेऊन पाइप तसाच ठेवला असता तर ओल तशीच राहिली असती, आणि गॅरंटीप्रमाणे कोटिंग शाबूत असतं.

हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीची गोष्ट निराळी. आपल्याकडे पाऊस येतो नैर्ऋत्येकडून वाऱ्यावर बसून, त्यामुळे पश्चिम-दक्षिणेच्या भिंती मार खातात. या भिंतीवर मे महिन्यात आकडे आमच्या बिनशंकेच्या भिंतीइतकेच होते. जूनमध्ये झड सुरू झाली की एक उभी रेघ जागी होते. रेघ सरळ, कारण तिथे काँक्रीटचा कॉलम संपतो आणि विटांचं काम सुरू होतं. दोन्हींचं उन्हातलं फुगणं-आकसणं वेगळं, म्हणून सांध्यावर चीर पडते. बांधताना त्या सांध्यावर जाळी मारून प्लास्टर केलं तर चीर कमी पडते. आमच्या बिल्डरने ते केलं नव्हतं असं दिसतं. दुसरी जागा खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत.

बाहेरची भिंत म्हणजे सोसायटीचं काम. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये हे साफ लिहिलंय: पावसाच्या पाण्याने होणारी गळती, बाहेरच्या सामायिक पाइपांची आणि ड्रेनेज लाइनची गळती, यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने; संडास, बाथरूम, सिंक यांची आतली गळती ज्याची त्याच्या खर्चाने, संस्थेला कळवून. पण कमिटीत बसलेल्यांना प्रत्येक सभासदाची ओल 'आतली' वाटते. "तुमच्या ग्रिलमुळे येतंय, वहिनी," असं सेक्रेटरींनी वरवर पाहूनच सांगितलं.

मी वही दाखवली. तारीख, पाऊस होता की उघडीप, कॉलमच्या रेघेवरचा आकडा, खिडकीच्या कोपऱ्यातला आकडा. चार दिवस उघडीप पडली की रेघ १४ वरून ८ वर, झड आली की पुन्हा १६. बाथरूमला पाऊस-उघडीप कळत नाही. एवढं पाहिल्यावर बोलणं 'कुठून येतंय' यावरून 'कधी करायचं' यावर आलं. आणि सेक्रेटरींचंही एक म्हणणं बरोबर निघालं. खिडकीचा उजवा कोपरा खरंच ग्रिलच्या बोल्टच्या भोकातून ओला होत होता. ते सीलंट आम्ही आमच्या खर्चाने भरलं. पुढच्या उन्हाळ्यात दोरीच्या झुल्यावर बसून माणसांनी चीर उघडली, पॉलिमर मॉर्टरने भरली, वरून कोटिंग मारलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या रेघेवर ६ च्या वर आकडा गेला नाही. शून्यावर आला नाही हेही खरं. सगळी ओल गेली असं सांगणाऱ्या माणसाकडे मीटर नसतो.

पहिल्या पावसाळ्यात, भर जुलैत, याच भिंतीला आतून काहीतरी मारून घ्या असा सल्ला तीन जणांनी दिला होता. आतून मारलेलं कोटिंग पाण्याला घरात यायला अडवतं, भिंतीत यायला नाही. पाणी मागे साचतं, दुसरी वाट शोधतं, आणि जोर झाला की कोटिंगला ढकलून फुगा काढतं. बाहेरून हात पोचत नसेल, शेजारच्या इमारतीला चिकटलेली भिंत असेल, तर आतून करण्याला पर्याय नाही. तिथे साल खरवडून विटेपर्यंत जाऊन सिमेंटच्या जातीचं कोटिंग लावतात. जुन्या रंगावर रंग मारून ते होत नाही.

आता जिथे यंत्र चक्रावलं त्या जागा.

पॅसेजमध्ये एक कपाट भिंतीला टेकून उभं आहे. मागे काळी बुरशी, कुबट वास, आत ठेवलेल्या पैठणीच्या बॉक्सलाही तोच वास. मीटर लावला तर सकाळी १५, दुपारी ६, रात्री परत ११. गळतीचं पाणी असं दिवसभरात येत-जात नाही. इथे यंत्राने एवढंच सांगितलं की हे काहीतरी वेगळं आहे. पुढचं काम स्वयंपाकघरातल्या फॉइलने केलं. हातभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर चिकटवायची, चारी कडा टेपने बंद करायच्या, दोन दिवस ठेवायची. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतून. आमच्याकडे खोलीकडे आले.

कारण पलीकडे सापडलं. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला मुलाची खोली आणि तिथे रात्रभर २२ वर एसी. पावसाळ्यात पॅसेजची हवा २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २५ अंशांच्या पृष्ठभागावर वाफेचं पाणी व्हायला लागतं. मधली भिंत साडेचार इंचांची, एसीने गारठलेली, आणि कपाटामागे वारा नाही. बुरशीला तर थेंब पडायचीही गरज नसते, पृष्ठभागाजवळची हवा दमट राहिली तरी पुरते. त्यात आम्ही पॅसेजमध्येच कपडे वाळत घालायचो. मशीनमधून पिळून निघालेल्या कपड्यांची बादली वजनकाट्यावर ठेवा, वाळल्यावर परत ठेवा. मी ठेवली. दोन किलोंहून जास्त फरक पडला, म्हणजे एका फेरीमागे दोन लिटरच्या वर पाणी आमच्या घराच्या हवेत. यावर वॉटरप्रूफिंग काय करणार? कपाट चार बोटं पुढे ओढलं, एसी २६ वर आणला, कपडे पंख्याखाली बाल्कनीच्या दाराशी नेले. ३०० रुपयांचा आर्द्रतामापक त्या पॅसेजमध्ये लटकवलाय. अशा ओलीसाठी सुयावाल्या मीटरपेक्षा तोच कामाचा.

बुरशी पुसण्याबद्दल, विषय निघालाच आहे म्हणून. ब्लीच वापरायचं असेल तर एकटं वापरा, खिडक्या उघडून. त्यात किंवा त्यावर बाथरूमचं ॲसिड कधीही नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. शाळेत ही वाक्यं मी भिंतीवर लावली आहेत, इथेही लावते.

मीटरची खरी फजिती झाली ती माझ्या माहेरी, राजापूर तालुक्यात. जांभ्याचं जुनं घर, चिऱ्याच्या जाड भिंती, वर कधीतरी केलेलं सिमेंटचं प्लास्टर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यामुळे ओल ही तिथे बातमी नाही. पण माजघराच्या भिंतीला कंबरेपर्यंत लोणा लागलाय, बोट फिरवलं की पांढरी पूड हातावर येते. मीटर लावला तर जिथे लावीन तिथे ३३, म्हणजे मोजपट्टीच संपली. "अगं, वेडं झालंय तुझं यंत्र," दादा म्हणाला.

वेडं नव्हतं, फसलं होतं. लोणा म्हणजे क्षार. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढतं, पृष्ठभागावर उडून जातं आणि सोबत आणलेले क्षार मागे ठेवतं. ओले क्षार वीज वाहतात, आणि त्यातले काही हवेतलं पाणीही ओढतात. त्यामुळे भिंत आतून जितकी ओली असेल त्याहून कितीतरी जास्त ओली दिसते. लोणा असलेल्या भिंतीवर या मीटरचा आकडा धरू नका, हे डब्यातल्या माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. ते माहितीपत्रक म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेली चिठ्ठी आहे आणि तिच्यातली अर्धी वाक्यं मशीनने केलेल्या भाषांतरासारखी वाटतात.

तरी उंचीचा अंदाज मिळालाच. ३३ कुठे थांबतो ते शोधत वर गेले. बहुतेक भिंतींवर जमिनीपासून तीन फुटांच्या आत. एका भिंतीवर मात्र साडेचार फूट. त्या भिंतीला दादाने खालपासून चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या होत्या, ओल दिसू नये म्हणून. ओल टाइल्सच्या मागून चढली आणि टाइल्स संपल्या तिथे बाहेर आली. ज्या पाण्याला दोन-तीन फुटांवर उडून जायला जागा होती, ती जागा बुजवली की ते आणखी वर जातं.

बाहेर जाऊन पाहिलं तर अंगणात पेव्हर ब्लॉक घातलेले, खाली भर घालून. जोत्याचा अर्धा भाग त्यात गेला. पागोळ्यांचं पाणी पूर्वी मातीच्या पन्हळीतून वाहून जायचं, आता ब्लॉकवर आपटून भिंतीवर उडतं. आजीच्या वेळी मृगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधायचे, ते बंद होऊन जमाना झाला. दादाला मी दोनच गोष्टी सांगितल्या: भिंतीलगतचे दोन ओळी ब्लॉक काढून तिथे उतार असलेलं गटार कर, आणि टाइल्स काढून आतून चुन्याचा गिलावा कर. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, सिमेंट आणि ऑइल पेंट तिचं तोंड बांधतात. ब्लॉक काढले. टाइल्स वहिनीला आवडतात, त्या आहेत तिथेच आहेत. चुन्याचं काम करणारा गवंडी आता तिकडेही सहज मिळत नाही, हीही अडचण आहेच.

आता तक्रारी. यंत्र फार लवकर आपोआप बंद होतं. शिडीवर चढून, कोपऱ्यात हात घालून, सुया दाबून मान वळवेपर्यंत खिडकी विझलेली. 'होल्ड' बटण आहे, पण ते अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला. सुया मऊ धातूच्या, एका वीट-कामात वाकल्या. जादा सुयांची जोडी डब्यात आली म्हणून निभावलं. टाइल्सवर हे यंत्र निरुपयोगी, कारण सुई आत जात नाही. ग्राउटमध्ये (सांध्यातल्या भरणीत) टोचून जे मिळतं ते ग्राउटचंच. टाइल्सवरून मोजायचं असेल तर बिनसुयांचं मीटर मिळतं, ते पृष्ठभागाखाली साधारण बोटभर जाडीपर्यंतचा अंदाज देतं, पण किंमत कितीतरी जास्त आणि मागे लोखंडी सळई असली तर तेही फसतं. कंपन्यांची माणसं थर्मल कॅमेरा घेऊन येतात, निळे-जांभळे डाग दाखवतात. तो कॅमेरा पाणी पाहत नाही, तापमान पाहतो. ओली जागा गार असते म्हणून डाग दिसतो. एसीने गार झालेली भिंतही तशीच दिसेल. फोटो पाहून घाबरण्याआधी त्यांना सुया टोचून दाखवायला सांगा. चांगला माणूस स्वतःच टोचतो.

सगळ्यात जास्त उपयोग मला झाला तो रंगाच्या वेळी. पाइप बदलला म्हणून भिंत वाळत नाही. बेडरूमची भिंत विटेपर्यंत खरवडून उघडी ठेवली, कारण जुनं पीओपी ओलीने खडूसारखं भुसभुशीत झालं होतं. पेंटर रोज फोन करायचा. "ताई, हाताला कोरडी लागतेय." हाताला कोरडीच लागते, विटेच्या आत १४ होते. पेंटरला पुढचं काम धरायचं असतं, त्याची चूक नाही. पण ओल्या विटेवर प्लास्टर, त्यावर पुट्टी, त्यावर प्रायमर, त्यावर दोन हात असा डोलारा उभा केला की पाणी सगळ्यात बाहेरच्या सालीला ढकलतं, आणि दिवाळीचा रंग होळीला पडतो. मी सांगितलं, आकडा बिनशंकेच्या भिंतीच्या आकड्याशेजारी आला की फोन करते. मार्चमध्ये प्लास्टर काढलं, मेच्या मध्यावर तो शेजारी आला. नवं प्लास्टर, त्याला आठवडाभर पाणी मारणं, मग ते वाळणं, असं करत रंगाला पावसाळा उलटून गेला. तोवर बेडरूमची ती भिंत करड्या सिमेंटची होती. सासूबाईंनी त्यावर ओढणी लावून पाहिली, मी काढली. हवा लागू दे म्हटलं. रंग अजून जागेवर आहे.

तर पाचपैकी चार तारे. कापलेला एक माहितीपत्रकासाठी आणि त्या लाल दिव्यासाठी, जो पाहून माणूस नको तिथे खर्च करेल.

भाड्याच्या घरात राहत असाल तरी घ्या. घरात शिरताना कपाटामागे, सिंकखाली, खिडकीच्या कोपऱ्यात दोन सुया टोचून पाहिल्या तर नव्या रंगाच्या मागे काय आहे ते कळतं. घर नवं कोरं असेल तर थांबा. नव्या बांधकामात मुळातच पाणी भरपूर असतं आणि आकडे पाहून उगाच झोप उडेल. छतावरून थेंब पडत असेल तर मीटर नको, गच्चीवर जा. आणि मागवायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मागवा, म्हणजे कोरड्या दिवसांतले आकडे वहीत असतील. घेताना तीन गोष्टी पाहा: सुया बदलता येतात का, बांधकामाचं बटण वेगळं आहे का, आणि सुयांवरच्या टोपीत तपासणीचे दोन धातूचे ठिपके आहेत का. त्या ठिपक्यांवर सुया टेकवल्या की दर वेळी ठरलेला आकडा यायला हवा. आला नाही तर आधी बॅटरी बदला, तरीही आला नाही तर यंत्र परत करा. पावसाळा संपला की बॅटरी काढून ठेवा, आमच्या हवेत तिचे स्प्रिंगही गंजतात.